रक्ताचा आकडा आणि मामीचं ताक

घास अडकतो का तुमचा?

छातीच्या मधोमध, गिळल्यानंतर? पाण्याचा तांब्या जवळ असल्याशिवाय ताटावर बसायची हिंमत होत नाही? पंगत उठते आणि तुमच्यापुढे अर्धी भाकरी तशीच असते? घरचे म्हणतात नखरे, डॉक्टर म्हणतो ॲसिडिटी? मग हे वाचा. बाकीच्यांनी वाचायला माझी हरकत नाही, पण लिहिलंय ते तुमच्यासाठी.

मला पत्रकं लिहायची सवय. नांदेडला आमची मुलींची एक लहानशी संघटना आहे. हॉस्टेलला पाणी नाही, हदगावकडची शेवटची एसटी बंद केली, परीक्षेची फी वाढवली, असं काही झालं की मी एका कागदावर मावेल असं पत्रक लिहिते आणि आम्ही ते बसस्टँडवर वाटतो. पत्रकात रडायचं नसतं. झालं काय, चूक कुणाची आणि आम्हाला हवंय काय, एवढं सांगायचं असतं. आजारपणही तसंच लिहायचा विचार होता. पण या गोष्टीत चूक कुणाची हे सांगायला गेले की प्रत्येक वेळी मला कुणाचं तरी कौतुकच करावं लागलं. इलाज नाही. आहे ते असं आहे.

उपोषणाची पोलादी पोरगी

संघटनेत एका गोष्टीसाठी माझं नाव होतं. साखळी उपोषण म्हटलं की पहिली मी. बाकीच्या मुली दुपारपर्यंत कोमेजायच्या, मी संध्याकाळी पण घोषणा द्यायचे. आमचे विलासदादा, संघटनेतले सगळ्यात जुने, भाषणात सांगायचे, "रेणू म्हणजे पोलाद आहे पोलाद!" टाळ्या पडायच्या.

उपाशी राहणं मला जेवण्यापेक्षा सोपं जात होतं, एवढंच त्यामागचं पोलाद. जेवताना प्रत्येक घासाला वाटाघाटी. चाव, अजून चाव, पाणी पी, मान जरा वर कर, थांब, गेला का? गेला. आता पुढचा. उपोषणाच्या मंडपात यातलं काही नसायचं. मला तिथं सुट्टी मिळाल्यासारखं वाटायचं आणि मी त्याला निष्ठा समजत होते.

पावसाळा संपता संपता आम्ही मुलींच्या वसतिगृहासाठी बसलो होतो. मागण्या अर्ध्यामुर्ध्या मान्य झाल्या, साहेबांनी येऊन लिंबूसरबत पाजलं, फोटो निघाले. मग मंडपातच जेवण. पुरी आणि बटाट्याची भाजी. दुसरा घास गेला आणि थांबला. पाणी प्यायले, तर पाणी वर आलं. थुंकी गिळली, ती पण वर आली. तोंडातून नुसती लाळ गळायला लागली. जवळ काही नव्हतं म्हणून उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावरच थुंकत बसले.

बंदोबस्ताला एक पोलीसबाई होत्या. त्या वाकून म्हणाल्या, "ओ ताई, आंदोलन मिटलं की. आता कशाला नाटक?"

मी नुसतं घशाकडं बोट दाखवलं आणि परत थुंकले.

दवाखान्यात दुर्बीण घालून तो घास काढला. काढणाऱ्या तरुण डॉक्टरांनी हातमोजे काढता काढता विचारलं, "लग्न झालंय का?"

"नाही."

"टेन्शन घेऊ नका. चावून खात जा."

ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. तशा गोळ्या मी कॉलेजपासून खात होते. माझ्या अन्ननळीचा आणि माझ्या लग्नाचा काय संबंध आहे हे त्यांना विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. इथं विचारते.

घरी

आमचं गाव हदगावपासून जवळ. कापूस आणि सोयाबीन. मी घरी गेले तर आई वेचणीवरून नुकतीच आली होती, ओट्यावर बसून पायातले काटे काढत होती. सगळं ऐकून म्हणाली, "तू लहानपणापासून अशीच हाय. घास गालात धरून बसायची. मी तुला मारून मारून जेवू घातलं."

"आई, माझी नळी खराब आहे बहुतेक."

"असं गावभर सांगत बसू नको. दिवाळीनंतर पाहुणे येऊन राहिले ना."

मी भांडले. ती पण भांडली. तिची भीती तिच्या जागी होती हे मला आता कळतं, पण तेव्हा मला एवढंच दिसलं की माझ्या घशातून घास उतरत नव्हता आणि घरात चर्चा पाहुण्यांची चालली होती. मी किल्लारीला मामाला फोन लावला.

माझं आजोळ किल्लारीजवळ. मामा म्हणाला, "लातूरला एक बाई डॉक्टर हायेत. माझं पोट त्यांनीच बघितलं. माणसाशी बोलत्यात. ये तू, मी नेतो."

माणसाशी बोलतात, ही एवढीच शिफारस होती. तिची किंमत मला पुढं कळली.

डॉक्टर नसरीन मॅडम

उदगीरच्या. आवाज खर्जातला, चष्मा डोक्यावर, बोलणं आमच्यासारखंच. त्यांनी मला लग्नाचं विचारलं नाही. विचारलं ते असं: जेवताना पाणी किती लागतं? भाकरी जास्त अडकते की चपाती? भात? लहानपणी दमा होता का? धुळीनं शिंका येतात? अंगावर गांधी उठतात? घरात कुणाला? जेवायला इतरांपेक्षा किती वेळ जास्त लागतो? लोकांसमोर जेवायचं टाळतेस का?

शेवटच्या प्रश्नाला मी रडले. एवढी चौकशी माझी पोलिसांनी पण केली नव्हती.

त्यांनी परत दुर्बीण घातली, पण या वेळी आतले बारीक बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले. "नुसतं डोळ्यानं बघून हे कळत नाही," म्हणाल्या. नांदेडला घास काढला तेव्हा हे कुणी केलं नव्हतं. हे वाक्य तुमच्यासाठी जाड अक्षरात छापायला पाहिजे: तुकडा तपासायला घेणार का, हे विचारा. विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

रिपोर्ट घ्यायला मी, मामा आणि मामी असे तिघं गेलो. मामा खुर्चीच्या टोकावर बसला होता. मॅडमनी पाकीट उघडायच्या आधीच त्यानं विचारलं, "ते तसलं तर न्हाई ना?"

"नाही. कॅन्सर नाही."

मामानं टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि मागं टेकून बसला. बाकीचं त्यानं किती ऐकलं कुणास ठाऊक.

नाव मोठं आहे: इओसिनोफिलिक इसोफेजायटिस. मॅडमनी ते एकदा सांगितलं आणि बाजूला ठेवलं. "रेणू, सगळ्यांच्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी असतात. जंतांशी, ॲलर्जीशी त्यांचा संबंध. अन्ननळीत त्यांचं काही काम नाही. तुझ्या अन्ननळीत त्या ठाण मांडून बसल्यात. त्यामुळं सूज आहे."

"धरणं," मी म्हटलं.

मॅडम हसल्या. "हां. धरणं."

"मागणी काय त्यांची?"

"जेवणातल्या कशाला तरी विरोध आहे. कशाला, ते आपल्याला शोधायचंय."

"आणि नाही सापडलं तर?"

आता त्या हसल्या नाहीत. "सूज तशीच राहिली तर नळी कडक होत जाते. आकसते. मग ती आतून ताणून मोठी करावी लागते. तुझ्यावर अजून ती वेळ आलेली नाही."

अजून. माझं पुढचं सगळं त्या एका शब्दाला टांगलेलं होतं.

आकडा म्हणजे काय

उपचार लागू पडतोय का हे बघायचा खरा मार्ग म्हणजे परत दुर्बीण, परत तुकडा. ते ऐकूनच मी खुर्ची मागं सरकवली. मॅडमना दिसलं असणार. त्या म्हणाल्या, "तुझ्या रक्तात पण या पेशी वाढलेल्या आहेत. सगळ्याच पेशंटच्या वाढत नाहीत, तुझ्या वाढल्यात. म्हणून मधल्या काळात आपण रक्तावर नजर ठेवू. पण एक समजून घे. तू मोर्चे काढतेस ना?"

"हो."

"घरात बसलीस आणि लांबून घोषणा ऐकू आल्या, तर काय कळतं?"

"मोर्चा आहे एवढं कळतं."

"कुणाचा? कशासाठी? किती माणसं?"

"ते चौकात जाऊन बघावं लागेल."

"बस. रक्ताचा आकडा म्हणजे तो लांबून येणारा आवाज. जंत असले तरी वाढतो, धुळीच्या ॲलर्जीनं पण वाढतो. आवाज वाढला की सावध व्हायचं, कमी झाला की बरं वाटून घ्यायचं. चौक बघायचा तो दुर्बिणीनंच."

मी पुष्कळ पुढाऱ्यांची भाषणं ऐकली आहेत. समोरच्या माणसाच्या धंद्यातला दाखला देऊन इतकं सरळ समजावणारं कुणी भेटलं नव्हतं.

आधी जंताचं औषध झालं, संडास तपासून झाली. जंत नव्हते. मग मॅडमनी दोन रस्ते सांगितले. एक, दम्याच्या माणसांना वाफेतून देतात ते औषध मधात कालवून गिळायचं. दुसरा, ज्याचा जास्त संशय तो पदार्थ बंद करून बघायचा. पहिला संशय दुधावर. आई फोनवर म्हणाली, "जन्माचं औषध नको लावून घेऊ बाई." मी दुसरा रस्ता घेतला.

"दूध आणि दुधाचं सगळं बंद," मॅडम म्हणाल्या.

मामीनं तिथंच बोटांवर मोजलं. "दूध. चहा. दही. खवा. पेढा. पनीर."

"पनीर आपण कुठं खातो गं?" मामा म्हणाला.

"बंद म्हणल्यावर समदंच बंद. मी बघते मॅडम. पोरगी माझ्याकडंच ऱ्हातीय आता."

मामीचं राज्य

मामी म्हणजे सकाळी सगळ्यांच्या आधी उठून गोठ्यात गेलेली बाई. माझ्यासाठी काळा चहा, त्यात आलं. गल्लीतल्या बारशाचे पेढे आले तर दारातूनच परत: "आमच्या रेणीला चालत न्हाई. न्या." माझ्या ताटावर ती पहाऱ्याला बसायची. घास अडकला की पाठीवर हात फिरवायची, आणि घाई कर असं एकदाही म्हणाली नाही. मला इतक्या शांतपणे आयुष्यात कुणी जेवू दिलं नव्हतं.

आणि घास उतरायला लागला! भाकरी कुस्करून ओली करून द्यायची, वर थोडं मीठ. सरकत जायची खाली. गालावर मांस आलं. मी मामाच्या ओट्यावर बसून पत्रकांची प्रुफं तपासायला लागले. विलासदादांना फोनवर सांगितलं, लवकरच येते.

रक्त द्यायला लातूरला गेले. आकडा चार आकडी होता, चार आकडीच राहिला. मॅडम म्हणाल्या, थोडा वेळ देऊ. पुढच्या वेळी गेले. उतरायचं सोडून वर चढलेला.

"पण मला बरं वाटतंय मॅडम!"

"ते चांगलंच आहे. पण आवाज वाढलाय." त्यांनी परत सगळं विचारलं. चहा? काळा. बाहेरचं खाल्लं? नाही. सोयाबीनच्या राशीवर गेली होतीस, धूळ? नाही. त्यांनी कागदावर एकेक कारण खोडलं. "मग दूध नसेल कारण. पुढं गहू बंद करू, नाहीतर औषधावर जाऊ. दोन्ही एकदम नको, कशानं फरक पडला ते कळणार नाही. येळवशीची अमावस्या होऊ दे, मग ठरवू. आणि रेणू, उशीर करायला नको."

त्या 'अजून'ची दोरी आखडत चालली होती.

फोनवर आई म्हणाली, "चोरून काहीतरी खात असशील. तुझी जीभ मला म्हाईत हाय."

मी फोन आपटला. पुढं बरेच दिवस आम्ही बोललो नाही. विलासदादा म्हणाले, लॅब बदल. मला ते पटलं. घास उतरतोय हे माझ्या छातीला कळतंय, मग एक छापील कागद मला खोटं पाडणार कोण? आकड्यावर माझा इतका राग होता की त्याच्याविरुद्ध एक पत्रक सहज लिहिलं असतं.

येळवस

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं सगळी माणसं शेतात जेवतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी करतात, तिच्यात पूजा मांडतात, बायका डोक्यावर आंबिलीची मडकी घेऊन बांधाबांधानं येतात. ज्वारीचं पीठ आंबवून आंबील करतात. आंबट, गार, पोटभर. शिवाय भज्जी, म्हणजे सगळ्या शेंगा-पाल्यांची मिळून एकच घट्ट भाजी, बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि गव्हाची खीर. त्या दिवशी लातूर रिकामं होतं, दुकानांना कुलपं लागतात. ज्याला शेत नाही त्याला कुणी ना कुणी आपल्या शेतावर नेतंच. मामानं मॅडमना आवतण दिलं होतं. मला वाटलं यायच्या नाहीत. नवऱ्याला घेऊन आल्या, चप्पल बांधावर काढून सरळ ज्वारीत शिरल्या.

मामीनं पहिला पेला त्यांच्या हातात दिला. मॅडमनी एका दमात निम्मा संपवला. "वा मामी! काय आंबट झालीय! उदगीरला आमच्या शेजारच्या काकू अशीच करायच्या."

मग मामीनं माझा तांब्या भरला. मी तोंडाला लावला.

"रेणू." मॅडमचा आवाज बदलला. "तू पण पितेस ही?"

"येळवस आहे ना मॅडम आज."

"आजच फक्त?"

मामी अभिमानानं पुढं झाली. "आज आंबील, रोज ताक! तुमच्या पेशंटला मी सकाळ-संध्याकाळ ताकात भाकर कुस्करून देते. म्हणून तर घास उतरायलाय!"

"दूध थेंबभर न्हाई बगा," मामानं री ओढली. "चहा सुदीक काळा."

मॅडमनी पेला हळूच खाली ठेवला. "मामी, ही आंबील कशात केलीय?"

"कशात म्हंजे? ताकात."

"आणि ताक कशाचं?"

"आपल्या म्हशीचं. घरचं. भेसळ न्हाई."

"म्हशीच्या दुधाचं."

"दुधाचं कसं मॅडम?" मामी खरंच गोंधळली. "दुधातलं समदं लोण्यात निघून जातंय. मागं ऱ्हातंय ते ताक. पाणीच की ते. आमच्यात मागायला आलं त्याला फुकट देत्यात. घशात आग पडल्यावर ताक न्हाई द्यायचं तर काय द्यायचं?"

मॅडमनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

मी बी.ए. आहे. पत्रकं लिहिते. मामीच्या त्या बोटांवरच्या यादीत मला पण काही कमी दिसलं नव्हतं, कारण आमच्यात कुणीच ताकाला दूध म्हणत नाही. ज्या ताकानं घास खाली सरकत होता त्यानंच नळी सुजत होती. जिभेला कळलं नाही, छातीला कळलं नाही. आकड्याला कळलं. मी त्याला शिव्या घालत होते आणि तो बिचारा एकटा खरं बोलत होता.

मॅडम हसू लागल्या आणि मामीचा चेहरा बघून थांबल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे."

"तुमची कशी?" मामा म्हणाला.

"मी उदगीरची आहे. ताकाला इथं कुणी दूध समजत नाही, हे मला माहीत पाहिजे. मी दुधाचं सगळं बंद म्हणून मोकळी झाले. रोज काय पितेस, हे विचारलंच नाही. माझी चूक."

मी डेपो मॅनेजर बघितले, रेक्टर बघितल्या, टेबलामागचे कितीतरी साहेब बघितले. हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ही बाई आमच्या बांधावर, सगळ्या पाहुण्यांसमोर ते सहज म्हणून गेली, जसं कुणी वेळ सांगावी. माझ्याकडे घोषणा पुष्कळ आहेत. त्या क्षणाला लायक एकही नव्हती.

मामी कोपीच्या मागं जाऊन बसली होती. पदर तोंडाला. "मी पोरीला इख पाजलं."

मॅडम तिच्याशेजारी ढेकळांवर बसल्या. "मामी, तुम्ही घास उतरवलात. तो उतरला नसता तर पोरगी वाळून गेली असती. आता कशात कुस्करायचं तेवढं बदला."

"कशात?"

"वरणात."

मामीनं नाक ओढलं. "रोज वरण? तुमच्या घरी डाळीचं झाड हाय का?"

आणि मग सगळेच हसले. मामी पण.

खोटी घोषणा

ताक सुटल्यावर पहिले दिवस वाईट गेले. वरण ताकासारखं सरकत नाही. मी चिडायचे, मामी वरण अजून पातळ करायची. पण पुढच्या वेळी रक्त दिलं तर आकडा उतरला होता. त्याच्या पुढच्या वेळी तीन आकडी. मी लॅबच्या पायऱ्यांवर बसून मामाला फोन केला, तर मागून मामीचा आवाज आला, "न्हाई म्हणलं की न्हाई! एक थेंब न्हाई दिला मी!"

त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. मथळा: 'दुर्बीण हटवा, रक्त तपासा!' खाली सगळा जोर. गरिबाला परत परत दुर्बिणीचा त्रास कशाला? सुईच्या एका टोचणीत जे कळतं ते नळी घालून कशाला बघायचं? मॅडमना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला, शेवटपर्यंत वाचलं.

"घोषणा झकास आहे. खोटी आहे."

"खोटी कशी? माझाच आकडा बघा!"

"तुझा बघितला. तुझ्या बाबतीत त्यानं चांगलं काम केलं. पण कुणाचं रक्त अगदी ठीक असतं आणि आत सूज असते. त्यानं तुझं पत्रक वाचलं आणि दुर्बीण टाळली, तर?"

मी पत्रक त्यांच्या हातातून परत घेतलं.

"आणि तुझी पण दुर्बीण व्हायचीय. आवाज कमी झालाय. चौक रिकामा झालाय का, ते बघितल्याशिवाय मी बरी झालीस असं म्हणणार नाही."

मी पत्रक घडी करून पर्समध्ये टाकलं. माझं पत्रक वाटायच्या आधी कुणी तरी तपासायला पाहिजे होतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

चौक

दुर्बिणीच्या दिवशी आई हदगावहून आली. फोन आपटल्यापासून आम्ही धड बोललो नव्हतो. ती दवाखान्यात आली, माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "ताक तर मी पण पाजलं असतं."

आमचं भांडण मिटलं. आत जाताना मी चपला काढल्या त्या तिनं उचलून हातात घेतल्या.

घाबरणाऱ्यांसाठी सांगते. घशात फवारा मारतात, तो कडू असतो, मग घसा आपला राहत नाही. डाव्या कुशीवर झोपवतात. दातांत प्लास्टिकचं कडं देतात. घोषणा देणारं तोंड गप्प करायला इतकी साधी वस्तू पुरते हे मला माहीत नव्हतं. उमासे येतात. सिस्टर पाठीवर हात ठेवते, तो हात फार मोठा असतो. वाटतं त्यापेक्षा लवकर संपतं. बाहेर आले तर आई तशीच बसलेली, माझ्या चपला छातीशी धरून.

"दिसायला चांगली आहे नळी," मॅडम म्हणाल्या. "पण तुकड्याचा रिपोर्ट येऊ दे."

तो यायच्या आधीचे दिवस मी सांगत नाही. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळायचं नाही. फोन आला तेव्हा मी मामाच्या ओट्यावर बसून हरभरा सोलत होते.

"रेणू? एक-दोन चुकार सोडले तर चौक रिकामा."

मी ओरडले. सोललेला हरभरा अंगणभर. मामी गोठ्यातून धावत आली, तिला वाटलं विंचू चावला.

मागणी

पत्रक आहे म्हटल्यावर मागणी पाहिजेच. घास अडकणाऱ्या पोरीला लग्नाचं विचारू नका, पाणी किती लागतं ते विचारा. तुकडा तपासा. रक्ताचा आकडा ज्याच्या कामाचा असेल त्याला तो बघायला शिकवा आणि तो किती सांगतो, किती सांगत नाही, हे पण सांगा. माझ्यावरून कुणी आपलं दूध बंद करू नका. माझ्या पेशींचा विरोध दुधाला निघाला, तुमच्या पेशींचा कशाला असेल ते तुमच्या डॉक्टरबरोबर शोधा. आणि हे सगळं आमच्या भाषेत, आमच्या ताटाकडं बघून.

मॅडमकडं त्याची सुरुवात झालीय. परवा मी बाहेर बाकावर बसले होते, दार उघडंच होतं. आत कुणी शेतकरीदादा होते.

"दूध बंद केलं?"

"कवाच."

"ताक?"

"ताक पितो की. ते कुठं दूध हाय!"

मॅडमनी दारातून माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघीही हसलो नाही, पण फार कष्टानं.

यंदाच्या येळवशीला मामीनं माझ्यासाठी वेगळं लहान मडकं केलं. ताकाऐवजी चिंचेचा कोळ. मडक्याच्या गळ्याला लाल दोरा, कुणी अदलाबदल करू नये म्हणून. मामा आंबील शिंपडत शेताभोवती फिरून आला, आम्ही जेवायला बसलो. मी भाकरी कोरडीच मोडली. घास घेतला, चावला, गिळला. वर आंबील प्यायले. मामीची नजर माझ्या गळ्यावरून छातीपर्यंत त्या घासाबरोबर उतरत गेली.

"उतरला?"

"उतरला मामी. कळला पण नाही."

मामीनं समाधानानं मान हलवली, मला अजून एक भाकरी वाढली आणि म्हणाली, "उतरला म्हणून काय झालं? सोमवारी जाऊन रक्त दिऊन ये."